आत्मा वाट चुकला तर: अमेरिकेतल्या हमोंगांची नेंग परंपरा

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात मर्सेड नावाचं शेतीवर जगणारं शहर आहे. तिथल्या मर्सी मेडिकल सेंटर या इस्पितळात २००९ साली एक लेखी धोरण लागू झालं. हमोंग या लाओसमधून आलेल्या निर्वासित समाजातल्या रुग्णाच्या घरच्यांची इच्छा असेल तर त्यांच्या समाजाचा पारंपरिक उपचारक थेट वॉर्डात येऊ शकतो. पाद्र्याला जी मुभा असते तीच त्यालाही, आणि अंगावर इस्पितळाचा बिल्ला. नऊ विधींना मंजुरी मिळाली. हरवलेल्या आत्म्याला हाक मारता येते, मंत्र म्हणता येतात, फक्त आवाज हळू ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांत आटपायचं आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची हरकत नाही ना, हे आधी विचारायचं. थाळा किंवा घुंगरं वाजवायची तर वेगळी परवानगी लागते. जिवंत कोंबडा आणायला परवानगी मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही.

अमेरिकेतल्या एखाद्या इस्पितळाने असे नियम कागदावर उतरवण्याची ही पहिलीच वेळ होती. वाचताना गंमत वाटते खरी. पण या कागदामागे जवळजवळ तीस वर्षांचे गैरसमज आहेत, वेळेवर न झालेल्या शस्त्रक्रिया आहेत आणि एका लहान मुलीचं उद्ध्वस्त झालेलं आयुष्य आहे.

हमोंग मूळचे दक्षिण चीनच्या डोंगरांतले. चीनचं सरकार आजही त्यांना 'मियाओ' या मोठ्या गटात मोजतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लढाया आणि जमिनीची टंचाई यांमुळे त्यांच्यातली बरीच कुटुंबं दक्षिणेकडे सरकत लाओस, व्हिएतनाम आणि थायलंडच्या डोंगरांत स्थिरावली. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या सीआयएने लाओसमधल्या कम्युनिस्टांविरुद्ध लढायला जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली हमोंगांची फौज उभी केली. हे युद्ध अमेरिकी जनतेपासून लपवून ठेवलं होतं, म्हणून त्याला 'गुप्त युद्ध' म्हणतात. १९७५मध्ये डाव उलटला. वांग पाओंना लाँग टिएंगच्या तळावरून विमानाने बाहेर काढलं आणि त्यांची बहुतेक माणसं मागेच राहिली. हजारो कुटुंबं जंगलांतून लपत मेकाँग नदीपर्यंत पोचली, ती ओलांडून थायलंडच्या छावण्यांत राहिली आणि तिथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, अगदी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानापर्यंत पांगली. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या हमोंगांची संख्या साडेतीन लाखांच्या वर भरली. त्यातले बहुतेक कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये राहतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिमनॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकणारी सुनी ली मिनेसोटातल्या सेंट पॉलची, याच समाजातली.

आजार कुठून येतो

हमोंग श्रद्धेप्रमाणे माणसाला एकच आत्मा नसतो. किती असतात यावर कुळाकुळांत एकमत नाही: कुणी तीन म्हणतं, कुणी बारा, कुणी बत्तीस. आत्म्याला ते 'प्ली' म्हणतात. सगळे प्ली शरीरात नांदत असले की माणूस धडधाकट. एखादा बाहेर भटकला की भूक जाते, झोप उडते, अंग सुकत जातं. प्ली निघून जायला फार काही लागत नाही. मोठा आवाज, पडणं, अपघात, घरातलं मरण, खोल दुःख, कशानेही तो बिचकतो. लहान बाळाचा प्ली तर शरीरात अजून नीट रुजलेलाच नसतो, म्हणून बाळाला विशेष जपायचं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिली तर बेशुद्धीत आत्मा वाट चुकेल अशी भीती असते.

दुसरं कारण म्हणजे 'दा', म्हणजे आत्मे आणि शक्ती. काही घरचे, काही रानातले. घरच्या पूर्वजांकडे दुर्लक्ष झालं, कबरीची हेळसांड झाली, रानातल्या एखाद्या दाच्या जागेवर नकळत पाय पडला, तर ते अडवतात, रागावतात, काहीतरी मागतात.

सगळेच आजार मात्र या खात्यात जात नाहीत, आणि बाहेरच्या माणसाची गल्लत बहुधा इथेच होते. सर्दी, जखम, पोटदुखी यांना हमोंगही साधे आजारच मानतात. त्यासाठी झाडपाला जाणणाऱ्या बायका असतात. सेंट पॉलच्या हमोंग बाजारांत आजही मुळ्या, साली आणि वाळलेल्या पाल्याच्या जुड्या विकायला असतात. शरीरातला 'वारा' काढायला चांदीच्या नाण्याने किंवा चमच्याने कातडी घासायची पद्धत आहे, तिचे लालजांभळे वळ दोन-चार दिवस राहतात. आग्नेय आशियातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांवरचे असे वळ पाहून अमेरिकेतल्या शाळांनी आणि डॉक्टरांनी मारहाणीचा संशय घेतल्याचे प्रकार झालेले आहेत. आत्म्याचा उपचार बहुतेक वेळा उशिरा सुरू होतो: औषध देऊनही गुण येत नाही, तपासण्यांत काही सापडत नाही, किंवा दुखण्याबरोबर स्वप्नंही बिघडली आहेत, तेव्हा.

साधी भीती बसली असेल तर घरातलं जाणतं माणूसच 'हू प्ली' करतं. दार उघडं ठेवून उंबऱ्यापाशी उभं राहायचं, तांदूळ, अंडं, उदबत्ती आणि कोंबडी मांडायची आणि आत्म्याला नावाने हाका मारायच्या: घरी ये, तुझी माणसं इथे आहेत, जेवण तयार आहे. मग उकडलेल्या कोंबडीच्या जिभेवरून, पायांच्या नखांवरून आणि कवटीवरून आत्मा परतला का ते वाचतात. नातेवाईक एकेक करून आजाऱ्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात आणि आशीर्वाद देतात. हमोंग रुग्णाच्या मनगटावरचे दोरे विचारल्याशिवाय कापू नयेत, ही सूचना आता नर्सेसना दिली जाते. दिसायला क्षुल्लक आहे, पण पूर्वी ते सर्रास कापले जायचे आणि घरच्यांच्या लेखी आत्म्याची गाठच सुटायची.

एवढ्याने भागलं नाही तर नेंगला बोलावतात.

बाकावरचा प्रवास

नेंग म्हणजे उपचारक शक्ती, आणि ती ज्याच्याकडे आहे तो 'त्सी नेंग'; इथे त्यालाही नुसतं नेंगच म्हटलं आहे. बाई असेल तर 'निया नेंग'. बाया पुष्कळ आहेत आणि त्यांचा मान पुरुषांपेक्षा कमी नसतो. कुळाचा बाकी सगळा कारभार पुरुषांच्या हाती असलेल्या समाजात ही गोष्ट सहज घडलेली नाही. नेंग होणं माणसाने ठरवायचं नसतं, म्हणून तिथे पुरुषांना फारसं ठरवता आलं नाही, इतकंच.

या परंपरेचा आद्य पुरुष शी यी. आकाशातून आलेला, माणसांचे आजार बरे करणारा, मरण वाटणाऱ्या न्झू न्योंशी झुंजणारा. कथा कुळागणिक बदलते. शेवट मात्र बहुतेक असाच सांगतात, की तो वर निघून गेला आणि त्याची साधनं माणसांसाठी मागे राहिली. आजचा नेंग विधीच्या वेळी शी यीचंच काम पुढे चालवत असतो.

साधनं पाहा. भिंतीशी सोनेरी-चंदेरी कागद लावलेली वेदी, तिच्यावर पाणी, तांदूळ, अंडी, उदबत्त्या. एक लांबट लाकडी बाक, हा नेंगचा घोडा. एका हातात चकत्या ओवलेलं लोखंडी कडं, बोटांत घुंगरं. तोंडावर काळ्या किंवा लाल कापडाचा पडदा, कारण आता या जगातलं पाहायचं नसतं. मागे एक सहायक काशाचा थाळा ठोकत राहतो. नेंग बाकावर बसतो, पाय थरथरू लागतात, बाक उसळू लागतो, आणि घोडा दौडत आत्म्यांच्या मुलखाकडे निघतो. तोंडाने अखंड मंत्र चालू: कुठल्या वाटेने चाललोय, कोण आडवं आलं, काय मागतंय. मध्येच तो बाकावर उभा राहतो, उडी घेतो, तेव्हा सहायकाने कमरेला धरून सांभाळायचं. हे दोन-तीन तास चालतं, कधी दिवसभरही.

मराठी वाचकाला इथे देवऋषी किंवा अंगात येणं आठवेल. थोडं साम्य आहे, पण रोख वेगळा. अंगात येतं तेव्हा देव माणसाकडे येतो आणि लोक त्याला प्रश्न विचारतात. नेंग आपल्या मदतनीस आत्म्यांचं सैन्य घेऊन स्वतः निघतो आणि तिकडच्या अधिकाऱ्यांशी घासाघीस करतो. वाटाघाट कुठवर आली हे कळायला म्हशीच्या शिंगाचे दोन उभे चिरलेले तुकडे, 'कुआ', जमिनीवर टाकतात. ते पालथे पडले की उताणे यावरून समोरच्याचं उत्तर कळतं. मनासारखं उत्तर येईपर्यंत बोलणी आणि कुआ टाकणं चालूच.

हमोंगांच्या परलोकात मोठी कचेरी आहे. प्रत्येक माणूस जन्माला येताना आयुष्याचा कागद घेऊन येतो आणि त्यावर मुदत असते. भाडेकरारासारखंच: मुदत संपत आली की आजारपण सुरू होतं, आणि नेंगने वर जाऊन कागद वाढवून आणायचा. त्यासाठी द्यावंही लागतं. विधीत जाळतात ते सोनेरी-चंदेरी कागद म्हणजे तिकडचा पैसा.

आता डुकराचं. मोठ्या विधीत डुक्कर बळी देतात आणि बाहेरच्यांना सगळ्यात जास्त तेच खटकतं. हमोंगांचं म्हणणं असं की डुकराचा आत्मा आजाऱ्याच्या आत्म्याच्या जागी उभा राहतो, किंवा त्याला राखतो. म्हणून त्याच्याशीही व्यवहार करायचा. आजाऱ्याला आणि डुकराला दोरीने जोडतात, डुकराला त्याच्या कामाचे कागदी पैसे देतात, रक्ताचा ठसा आजाऱ्याच्या पाठीवर, कपड्यावर उमटवतात. डुकराचा जबडा नेंग आपल्या वेदीपाशी ठेवतो. नव्या वर्षाच्या वेळी सगळ्या जबड्यांची रीतसर बोळवण होते, त्या आत्म्यांची चाकरी संपते. मांस वाया जात नाही. आलेली सगळी माणसं जेवून जातात. पन्नास-शंभर माणसं जमणं नेहमीचं. नेंगला ठरलेली फी नसते. डुकराचा ठरलेला वाटा, उदबत्त्या आणि थोडे पैसे.

मला या सगळ्यात दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, आजारी माणूस दोन-तीन तास घराच्या मध्यभागी बसलेला असतो आणि त्याच्यासाठी सगळं कुळ कामाला लागलेलं असतं: कुणी डुक्कर आणतंय, कुणी भात शिजवतंय, कुणी थाळा ठोकतंय. दोन, दुखण्याला कारण मिळतं, आणि ते कारण बोलणी करून सोडवता येण्याजोगं असतं. जंतू मरतात का, हा प्रश्न या विधीला विचारण्यात अर्थ नाही. भीती, एकटेपणा आणि अपराधीपणा यांवर त्याचा परिणाम होतो का, हा विचारण्याजोगा आहे, आणि त्याचं उत्तर अनेकदा हो असंच येतं.

नेंग होण्याची सुरुवातही आजारानेच होते. महिनोन्‌महिने न उलगडणारं दुखणं, विचित्र स्वप्नं, झटके. जुना नेंग पाहून सांगतो की हा आजार नाही, बोलावणं आहे. ते स्वीकारून त्या गुरूकडे दोन-तीन वर्षं शिकलं की दुखणं ओसरतं, नाकारलं तर वाढतं, अशी श्रद्धा. फिट्स येणाऱ्या माणसाकडे हमोंग घरात काळजीबरोबर थोड्या आदरानेही पाहतात, ते यामुळे.

मर्सेडची मुलगी

१९८२मध्ये मर्सेडच्या सरकारी इस्पितळात एका हमोंग निर्वासित जोडप्याला मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना मोठ्या बहिणीने दार धाडकन आपटलं आणि बाळाला पहिला झटका आला. आईवडिलांनी ओळखलं: आवाजाला घाबरून प्ली पळाला. या दुखण्याला त्यांच्या भाषेत नाव होतं, 'काउ दा पे', म्हणजे दाने पकडलं की माणूस पडतो. डॉक्टरांच्या भाषेत ते एपिलेप्सी. दोन्ही बाजूंना आजार दिसत होता, पण एकमेकांशी बोलायला दुभाषा नव्हता. सुरुवातीला तर इस्पितळात पोचेपर्यंत झटका थांबलेला असायचा. नेमकं काय झालं हे आईवडिलांना सांगता आलं नाही, आणि छातीचा संसर्ग समजून औषध देऊन त्यांना घरी पाठवलं गेलं.

पुढच्या चार वर्षांत डॉक्टरांनी तिच्या औषधांची योजना २३ वेळा बदलली. अक्षरओळख नसलेल्या आईवडिलांनी इंग्रजी लेबलं वाचून दिवसातून तीनदा वेगवेगळ्या मात्रा मोजायच्या होत्या. काही औषधांनी मुलगी गुंगायची किंवा सैरभैर व्हायची, तेव्हा ते औषध कमी करायचे किंवा बंदच करायचे. जोडीला आत्म्याचे विधी आणि बळी चालूच होते, आणि त्यावर त्यांनी ऐपतीबाहेर खर्च केला. औषधं नीट देत नाहीत म्हणून डॉक्टरांनी बाल संरक्षण विभागाला कळवलं आणि मुलीला जवळजवळ वर्षभर परक्या कुटुंबात ठेवलं गेलं. आईवडिलांना कळेना, जिवापाड जपलेली लेक सरकारने का नेली.

ती परत आली. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये तिला प्रदीर्घ झटका आला, सोबत रक्तात जंतुसंसर्ग पसरला, आणि मेंदूचं कामकाज जवळजवळ थांबलं. काही दिवसांची सोबती म्हणून तिला घरी पाठवलं. संसर्गाविरुद्धची तिची शक्ती औषधांनीच कमी केली असावी, ही शक्यता पुढे एका डॉक्टरनेच बोलून दाखवली. ती मेली नाही. आईवडिलांनी आणि भावंडांनी तिला न्हाऊमाखू घातलं, पाठीवर वागवलं, भरवलं. २०१२ साली, तिशीची होऊन, ती गेली. इतकी वर्षं अंथरुणात काढलेल्या माणसाची कातडी आणि वजन इतकं नीट कसं राहिलं याचं डॉक्टरांना आश्चर्य वाटायचं.

या प्रकरणावर १९९७मध्ये एक पुस्तक आलं आणि ते अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत वाचायला देतात. त्यात खलनायक कुणी नाही, म्हणूनच ते अस्वस्थ करतं. डॉक्टर कष्टाळू होते, बिलाची फिकीर न करणारे होते. आईवडील निष्काळजी नव्हते. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी काही प्रश्न सुचवलेले आहेत: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशामुळे झालं असं वाटतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कोणता उपचार मिळावा असं वाटतं? पाच-दहा मिनिटांचं काम. मर्सेडमध्ये ते सुरुवातीलाच विचारले असते तर मुलगी वाचली असती असं मी म्हणणार नाही. तिची एपिलेप्सी फारच तीव्र होती. पण दिवसाला एकच साधं औषध आणि त्याच्या जोडीला नेंग, अशी तडजोड आईवडिलांनी मान्य केली असती असं मला वाटतं.

बिल्ल्यामागची गोष्ट

त्यानंतर मर्सेडमध्ये 'हेल्दी हाऊस' या संस्थेने इस्पितळाला हाताशी धरून नेंगांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. कारण व्यावहारिक होतं. हमोंग रुग्ण फार उशिरा येत होते: अपेंडिक्स फुटल्यावर, मधुमेहाने गुंतागुंत झाल्यावर, कर्करोग शेवटच्या टप्प्यात गेल्यावर. आणि इस्पितळात जायचं की नाही, हे घरातली मंडळी बऱ्याचदा नेंगला विचारून ठरवायची. मग नेंगलाच इस्पितळ दाखवलं. शस्त्रक्रियागृह दाखवलं, सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं, जंतू म्हणजे काय ते सांगितलं. २००९पर्यंत सुमारे १४० नेंगांनी हा कार्यक्रम पूर्ण केला होता.

डॉक्टरांचा संशय एका दिवसात गेला नाही. धोरण येण्याच्या जवळपास दहा वर्षं आधी एका मोठ्या कुळाचा प्रमुख आतडं सडल्यामुळे दाखल झाला होता. शेकडो माणसं जमली, तेव्हा नेंगला विधी करू दिला, दाराशी लांब तलवार ठेवू दिली. रुग्ण बरा झाला आणि शिकाऊ डॉक्टरांवर त्याची मोठी छाप पडली. मला मात्र हा किस्सा पुरावा म्हणून पटत नाही. त्या माणसावर डॉक्टरांचे उपचारही चालूच होते, आणि तो दगावला असता तर हीच तलवार हास्यास्पद ठरली असती. धोरणाच्या बाजूने याहून भक्कम कारण आहे: इस्पितळातच विधी होणार म्हटल्यावर माणसं लवकर येतात, आणि शस्त्रक्रियेनंतर हू प्ली करता येणार असेल तर शस्त्रक्रियेला हो म्हणायची शक्यता वाढते.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात इथे प्रश्न येणारच, आणि यायला हवा. आपण नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करून घेतला. मग इस्पितळाने मंत्रवाल्याला बिल्ला द्यायचा? पण त्या कायद्याचं परिशिष्ट वाचलं तर त्यात प्रत्येक श्रद्धेवर बंदी नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, हे गुन्हे आहेत. उपचार अडवणं आणि इजा करणं यावर बोट ठेवलेलं आहे. मर्सेडची व्यवस्था या कसोटीला उतरते: विधी डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीला होतो, त्यांच्या जागी नाही. उद्या एखाद्या नेंगने औषध बंद करायला सांगितलं, तर बिल्ला काढून घेतला पाहिजे, यात मला दुमत दिसत नाही.

काही वेळा आधुनिक वैद्यकाकडेच उत्तर नसतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत आलेले हमोंग पुरुष झोपेत अचानक मरू लागले. तरुण, धट्टेकट्टे, आदल्या रात्रीपर्यंत काही त्रास नाही. १९८०च्या दशकात आग्नेय आशियाई निर्वासितांमधल्या अशा मृत्यूंची संख्या शंभरापलीकडे गेली. हमोंगांकडे कारण होतं: 'दा चो', झोपेत छातीवर बसून श्वास कोंडणारा. गावात असताना विधी करून त्याला दूर ठेवता यायचं. इथे वेदी नाही, नेंग दुसऱ्या राज्यात, पूर्वज मागे राहिले. पुढे १९९२मध्ये वर्णन झालेल्या ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाच्या विद्युत दोषाशी या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. काही अभ्यासकांच्या मते दोष जन्मजात असेल, पण विस्थापनाच्या भीतीने आणि ताणाने त्याला धक्का दिला असावा.

कायद्याशीही गाठ पडली. प्राणिबळीबाबत १९९३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातल्या हायालिया शहराचा बंदी हुकूम रद्द केला. ते प्रकरण क्यूबातून आलेल्या सांतेरिया पंथाचं होतं, पण फायदा हमोंगांनाही झाला. शवविच्छेदनाच्या बाबतीत उलट घडलं. शरीर कापलं तर मृताच्या आत्म्याला पुढची वाट सापडत नाही आणि तो घरच्यांना त्रास देतो, अशी त्यांची श्रद्धा. ऱ्होड आयलंडमध्ये एका हमोंग जोडप्याच्या मुलाचं शवविच्छेदन त्यांना न विचारता झालं. १९९०च्या सुरुवातीला न्यायाधीश रेमंड पेटिन यांनी आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याची व्याप्ती कमी करणारा वेगळा निकाल दिला, आणि पेटिन यांना खेद व्यक्त करत आपला निर्णय मागे घ्यावा लागला.

शनिवार-रविवारचे विधी

आज विधी बहुतेक शनिवार-रविवारी होतात, कारण बाकीचे दिवस नोकरी. नेंगही कारखान्यात, शाळेत किंवा कचेरीत कामाला असतो. बाक दिवाणखान्यात किंवा गॅरेजमध्ये मांडतात. भाड्याच्या सदनिकेत थाळ्याचा आवाज आणि धूर यांवरून शेजारी तक्रार करतात, धुराची घंटा वाजते. डुक्कर बहुतेक वेळा शेतावर किंवा हमोंगांनीच चालवलेल्या खाटीकखान्यात मारून आणतात. खर्च मोठा असतो; डुक्कर, कोंबड्या, शंभर माणसांचं जेवण.

समाजातली मोठी फूट धर्माची. निर्वासितांना अमेरिकेत आणायला चर्चनी पुढाकार घेतला होता आणि त्यांच्यासोबत बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्याआधी लाओसमध्येही मिशनऱ्यांच्या प्रभावाने धर्मांतरं झालेली होती. एकाच कुळात अर्धे भाऊ ख्रिस्ती, अर्धे जुन्या वाटेचे, असं सर्रास दिसतं. मग वडील गेले की अंत्यविधी कुणाच्या पद्धतीने करायचा यावर भांडणं होतात. जुन्या पद्धतीत तीन-चार दिवस 'केंग' हे फुंकून वाजवायचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजत राहतं आणि मृताच्या आत्म्याला तो राहिला त्या प्रत्येक गावातून मागे नेत जन्मस्थानापर्यंत वाट दाखवतात. सेंट पॉलमध्ये मेलेल्या म्हाताऱ्याला कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो, थायलंडची छावणी, लाओसचा डोंगर असा उलटा प्रवास करावा लागतो. ख्रिस्ती मुलाने ते होऊ दिलं नाही तर आत्मा अमेरिकेत अडकला, असं बाकीच्यांना वाटत राहतं. धर्मांतरामागे श्रद्धेखेरीज इतर कारणंही असतात. विधींचा खर्च झेपत नाही, घरात नेंग उरला नाही, किंवा नेंगचं बोलावणं नको म्हणून माणूस चर्चमध्ये जातो. कधी आजार परत उलटतो आणि तोच माणूस पुन्हा वेदी मांडतो.

बोलावणं तरुणांनाही येतं, अमेरिकेत जन्मलेल्यांनाही, इंग्रजीत स्वप्नं पडणाऱ्यांनाही. मंत्रांची भाषा जुनी, त्यात चिनी वळणाचे शब्द भरपूर. हमोंग अस्खलित बोलणाऱ्या म्हाताऱ्यांनाही त्यातलं सगळं कळत नाही. तरीही मंत्र पाठ करणं ही तरुण नेंगची मोठी अडचण ठरत नाही. ते आत्मेच शिकवतात, असं मानलं जातं. अडचण सहायकाची आहे. थाळा कुठे थांबवायचा, कुआ उलटे पडले तर पुढे काय मागायचं, डुकराचे पैसे केव्हा जाळायचे, उडीच्या वेळी कमरेला कुठे धरायचं, हे जाणणारे काका-मामा आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. विधीची तारीख ठरवताना आधी त्यांचं वेळापत्रक पाहतात.